परतीचा धोंडा

“एक्केचाळीस माणसं घेऊन चाललायस. मोजणार कोण?”

“यादी आहे ना मोबाइलवर. नाव घ्यायचं, खूण करायची. झालं.”

“नाव घेतल्यावर हो कोण म्हणतं, ते बघतोस?”

“आई, त्यात काय बघायचं असतं?”

“मागच्या खेपेला सलोनीचं नाव घेतलंस, तेव्हा हो कोण म्हणालं?”

सॅकचा पट्टा आवळणारा प्रज्वलचा हात थांबला. मग त्याने तो पट्टा गरजेपेक्षा जरा जास्तच ओढला. “तुला हे कुणी सांगितलं?”

“तिनेच. काल येऊन गेली.”

शुक्रवारची दुपार, साडेचारचा सुमार. संत तुकाराम नगरमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आवाज चढले की खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा कळतं. पण आज आवाज चढले नव्हते, आणि म्हणूनच प्रज्वलची बायको वर्षाली स्वयंपाकघरातला नळ बंद करून ऐकत उभी राहिली. सासूचा आवाज चढला की भांडण दहा मिनिटांत चहावर येऊन मिटतं, हा तिचा चार वर्षांचा अनुभव होता. तो असा खाली उतरला की पुढे काय होतं, हे तिने अजून पाहिलं नव्हतं.

सुमनताई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या कँटीनमध्ये त्या एकवीस वर्षं आहेत. पहाटे पावणेपाचला कोपऱ्यावर कंपनीची बस, सातच्या आत सातशे माणसांचे पोहे, मग जेवण, आणि तीनला परतीची बस. वय छप्पन्न. अंगाने बारीक, चालणं ताठ. नवरा, श्याम, कंपनीतच पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये होता. सहा वर्षांपूर्वी गेला. बाई बोलायला गोड, हाताला चव, पण कँटीनमधल्या बायका तिला दबून असतात ते एका गोष्टीमुळे. सुमनताई मोजतात.

ताटं मोजतात, हे ठीक. पण त्या माणसं मोजतात. बस सुटताना आपल्या कँटीनच्या अकरा जणी चढल्या का, हे बोटाने डोक्याडोक्यावर टेकवत पाहतात. “आल्या सगळ्या” असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नाही. वर्षातून दोनदा कंपनीत आगीचा भोंगा वाजवून सराव होतो, सगळे मैदानात रांगेत उभे राहतात, सुपरवायझर कागदावर खुणा करत जातो. एकदा त्याने अकरा लिहिले आणि सुमनताई म्हणाल्या, दहाच आहेत साहेब. अकरावी तेजस्विनी गोदामात तेलाच्या डब्यांमागे फोनवर बोलत बसली होती. तिच्यासाठी मागून कुणातरी मैत्रिणीने “हजर” म्हटलं होतं.

त्याच तेजस्विनीने एकदा बसमधून फोन केला होता, की ट्रॅफिकमध्ये अडकलेय, ताई, तेवढं माझं कार्ड मशिनला लावा. कँटीनमध्ये हे सर्रास चालतं. आज मी तुझं लावते, उद्या तू माझं. सुमनताईंनी कार्ड हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि परत खिळ्याला अडकवलं. पोरीचा अर्धा दिवस गेला. आठवडाभर सगळ्या त्यांच्याशी फटकून वागल्या, खडूस म्हणाल्या. तेजस्विनीने तोंडावर विचारलं, ताई, तुमचं काय जात होतं? त्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की ज्याचं त्याने उचलावं.

कार्ड उचलतात का कुठे? बायकांनी ते बोलण्यातली चूक म्हणून सोडून दिलं. कोकणातली बाई, म्हणाल्या, बोलते काहीतरी.

कोकणातल्या त्या होत्याच. देवगडच्या बाजूला समुद्रकाठी खारेबंदर म्हणून वाडी आहे, ते त्यांचं माहेर. तिथून वाडेसड्यापर्यंत कड्याच्या अगदी काठाने आठ-नऊ किलोमीटरची पायवाट जाते. वर जांभ्या दगडाचं उघडं माळरान, त्याला तिकडे सडा म्हणतात. खाली थेट समुद्र. प्रज्वलने पाच वर्षांपूर्वी ती वाट शोधून काढली. म्हणजे वाट होतीच, त्याने तिच्यावर पुण्या-पिंपरीची माणसं नेली. किल्ले काय, सगळेच करतात, तो म्हणायचा. ‘सागरसडा’ असं नाव देऊन त्याने ग्रुप काढला. चाकणला एका दुसऱ्या कंपनीत तो मेंटेनन्सला आहे, तिथे त्याला मशिन बंद पडल्यावरच हाक मारतात. ह्या वाटेवर मात्र हिंजवडीतले मोठ्या पगाराचे लोक त्याच्या मागून चालतात आणि तो थांबला की थांबतात. ते सुख त्याने आधी कधी चाखलं नव्हतं.

लोक थांबायचे ते गोष्टींसाठी. आणि गोष्टी सगळ्या आईच्या. जेवताना तो विचारायचा, त्या सांगायच्या. सड्यावर कातळात कोरलेला एक माणूस आहे, पुरुषभर लांब, हातपाय आहेत पण डोकं नाही. तो मागे वळून बघत होता, कुणाकडे ते गावाला कळू नये म्हणून कोरणाऱ्याने डोकं कोरलंच नाही. पुढे हुंकारी. सड्यात घागरीच्या तोंडाएवढं भोक, खाली गुहा. भरतीला त्यातून समुद्राचा श्वास येतो, टोपी धरली तर उडवून देतो. समुद्र वर आलेला असताना हुंकारी गप्प झाली, तर तिथे उभं राहायचं नाही. मग गोडा झरा. कड्याखाली, दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात बुडतो आणि ओहोटीला वर आला की पाणी शहाळ्यासारखं. आणि शेवटी रांजणघळ. समुद्राने कडा चिरून केलेली अरुंद घळ. वाट तिच्यात उतरते, पन्नास-साठ पावलं वाळूतून जाते आणि पलीकडे खडकांवर चढते. ओहोट असेल तरच.

घळीच्या तोंडाशी, उतरायच्या आधी, एक सपाट काळा धोंडा आहे. नवसाचा धोंडा, सुमनताईंनी मुलाला सांगितलं होतं. एक खडा उचलायचा, मनात इच्छा धरायची, धोंड्यावर ठेवायचा आणि मागे न बघता उतरायचं. ठेवलेला खडा परत घ्यायचा नाही.

ही गोष्ट लोकांना सगळ्यांत आवडली. व्हिसा, लग्न, प्रमोशन, प्रत्येकाचा एक खडा. पाच वर्षांत धोंडा दिसेनासा झाला, त्याच्यावर कमरेएवढा ढीग झाला. प्रज्वलने एकदा कौतुकाने फोटो दाखवला. सुमनताईंनी तो पाहिला, मोबाइल पालथा ठेवला, आणि त्या रात्रीच्या आमटीत पहिल्यांदा मीठ नव्हतं.

त्या स्वतः मात्र ह्या वाटेवर कधी आल्या नाहीत. माहेरी कुणी उरलं नाही, गुडघे दुखतात, कँटीनला सुट्टी नाही. प्रज्वलने बोलावणं सोडून दिलं होतं.

आणि काल सलोनी आली. मारुंजीत तीन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी, कॉम्प्युटरवाली, चुणचुणीत पोर. प्रज्वलची टॉर्च परत द्यायला आली होती. तो सेकंड शिफ्टला, वर्षाली बाजारात, म्हणून चहा घेत सुमनताईंशीच गप्पा मारत बसली. मागच्या ट्रेकला काय गंमत झाली, काकू, म्हणून हसत हसत सांगायला लागली. पलीकडच्या खडकांवरून सगळे परत आले, घळीतून वर चढले, प्रज्वलदादाने यादी घेतली. केयूर म्हणून तिचा मित्र आहे, तिची बॅग त्याच्याकडे होती. तिचं नाव आलं तेव्हा तो म्हणाला, हो, आहे ती. खोटं नव्हता बोलत बिचारा. त्याला वाटलं, पुढे गेली असेल. पाऊण तासाने चहाच्या टपरीवर बॅग कुणाला द्यायची म्हणून शोधायला लागला, तेव्हा धावत मागे आला.

“आणि तू कुठे होतीस?” सुमनताईंनी विचारलं.

“घळीतच. मी थांबले होते ना.”

“कशाला?”

“एक मुलगी होती मागे. दिसली नाही, वळणापलीकडून नुसता आवाज. मला वाटलं आपल्यातलीच कुणी. काहीतरी गावाकडचं बोलली हो. तू फुडे हो, मी इलंय. असं काहीतरी. म्हणजे काय काकू?”

सुमनताईंनी कप खाली ठेवला. “म्हणजे, तू पुढे हो, मी आलेच.”

“हां, तसंच वाटलं मला. म्हणून म्हटलं, एकटीला कुठे सोडायचं. पण कुणी आलंच नाही. बुटात पाणी शिरलं तेव्हा भान आलं.” मग ती पुन्हा हसली. “उद्या निघतोय ना आम्ही परत, शोधते तिला.”

सुमनताईंनी तिला जाऊ नकोस म्हणून सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं. पोरीला ती म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटली. पाया पडून गेली. ती गेल्यावर कप विसळायचे होते, दोनच होते, तरी सुमनताईंनी ते मोजले.

“कंपनीत असं झालं असतं, तर बोर्डावर लागलं असतं,” त्या आता मुलाला म्हणत होत्या. “नियर मिस, थोडक्यात टळलेला अपघात. तूच भरतोस ना ते फॉर्म? हा का नाही भरलास?”

प्रज्वल खाली बघून म्हणाला की झालं ते झालं, ह्या वेळी दोघांना शेवटी ठेवणार आहे. शिट्ट्या घेतल्यात. दोर घेतलाय.

“उद्या काय आहे?”

“शनिवार.”

“अमावस्या आहे.”

“माहितीय गं. सहाला पूर्ण ओहोट. आम्ही आठला घळीत, साडेनऊला बाहेर. भरती बाराला. अ‍ॅपवर मिनिटामिनिटाचं असतं.”

सुमनताईंनी त्याला शांतपणे सांगितलं, की मागची खेप अष्टमीची होती, तेव्हा पाणी आजाऱ्यासारखं असतं. उधाणाचं पाणी तसं येत नाही. पहिले दोन तास ते लाजत लाजत येतं, माणसाला वाटतं वेळ आहे. आठ ते दहा धावतं. उताराच्या पायथ्याशी आधी भरतं आणि माणूस घळीत राहतो. हे अ‍ॅपवर असेल तर दाखव.

मग त्याला जे बोलायचं नव्हतं ते बोलला. “तुझाच गाव, तुझ्याच गोष्टी. इतकी वर्षं चवीने सांगितल्यास, तेव्हा नाही सुचलं? आता लोक जमलेत, बस मैदानावर उभी आहे, साडेपाचला निघायचंय. मी काय सांगू त्यांना? आईला भीती वाटते?”

“आईने खोटं सांगितलं, असं सांग.”

वर्षाली दारात आली. पदराला हात पुसत तिथेच थांबली.

सुमनताई पलंगाच्या कडेवर बसल्या. पुढचं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं, आणि सांगता सांगता छत्तीस वर्षांची पिंपरीची भाषा मधूनमधून गळत गेली.

नवसाचा धोंडा असं काही नाही. त्याचं नाव परतीचा धोंडा. खारेबंदरच्या बायका ओहोटीला घळ ओलांडून पलीकडच्या खडकांना चिकटलेले शिंपले, कालवं, फोडायला जायच्या. उतरताना प्रत्येकीने एक खडा धोंड्यावर ठेवायचा. वर आली की आपला उचलायचा आणि सड्यावर भिरकावून द्यायचा. सगळ्या वर आल्या की धोंडा रिकामा. खडा राहिला, तर कुणीतरी खाली आहे. मग घळीच्या तोंडाशी उभं राहून हाका मारायच्या, पुरुषांना बोलवायचं, दोर सोडायचा. वाचता येत नव्हतं कुणाला, पण त्या धोंड्याने कुणाला मागे राहू दिलं नव्हतं. नियम एकच होता. ज्याचा खडा त्याने उचलावा.

“मी नऊ वर्षांची. रंभा चौदाची. माझी मोठी बहीण.”

“तुला बहीण होती?” प्रज्वल म्हणाला. त्याला एका मामाचं नाव माहीत होतं, तेवढंच.

“ती नेहमी शेवटी. कुठे शिंपला बघ, कुठे खेकड्याच्या मागे लाग. बायका ओरडायच्या तिला, घरी येऊन आईला सांगायच्या, मग ती मार खायची. त्या दिवशी अमावस्या होती. पाणी फिरलं म्हणून सगळ्या घाईने निघाल्या. मी वळणावर थांबले. ती म्हणाली, तू फुडे हो, मी इलंय.”

वर्षालीने दाराची चौकट धरली. काल सलोनीने काय सांगितलं ते तिला ठाऊक नव्हतं. प्रज्वलला मात्र सलोनीने गाडीत तेच विचारलं होतं, ह्याच शब्दांत, आणि त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. त्याने आईकडे पाहिलं.

“मी वर आले. धोंड्यावर दोनच खडे उरले होते, तिचा नि माझा. बायका बघायला लागल्या, की आता ही रंभा परत मागे. माका वाटला, येतेच आहे ती, दहा पावलांवर. कित्याक उगाच ओरडा खायचा तिने? मी दोन्ही उचलले.”

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक, किक, किक.

“धोंडा रिकामा दिसला. बायका घरी गेल्या. दिवेलागणीला आईने विचारलं, रंभा कुठेय. तोवर घळ भरली होती. टोपली सापडली तिची, दुसऱ्या दिवशी. टोपलीच.” त्यांनी मूठ उघडून तळवा पाहिला. “मी कुणाला सांगितलं नाही. गावाने धोंड्यावर दोष ठेवला. खोटा झाला म्हणाले. बायकांनी खडे ठेवणं सोडलं, जाणंच सोडलं.”

मग प्रज्वलने विचारलं, आवाज अगदी लहान करून, “मग मला नवसाचा म्हणून का सांगितलंस?”

“तू विचारलंस, तो काळा धोंडा कसला. तुझा खडा परत उचलायचा असतो, असं सांगितलं असतं, तर पुढे विचारलं असतंस ना, का म्हणून. म्हटलं, ठेवायचा आणि विसरायचं, असंच असू दे.” त्या थांबल्या. “मला काय ठाऊक, तू एवढी माणसं नेशील. आता त्या ढिगात एक खडा राहिला काय नि दहा राहिले काय, झिला, कोणाला कळणार?”

देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, एक पांढुरका गुळगुळीत खडा आहे, करवंदाहून जरा मोठा. वर्षाली लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगितलं होतं की हा गावचा देव. ती रोज आंघोळ करून त्याला कुंकू लावते. आता तिची नजर तिकडे गेली, आणि सुमनताईंनी ती पाहिली.

“दोन्ही मुठीत घेऊन घरी आले होते,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या वाटेत एक फेकला, सवयीने. मग आठवलं. कोणाचा फेकला नि कोणाचा राहिला, ते माका माहीत नाय.”

प्रज्वलचा मोबाइल वाजला. सॅक भरताना त्याने तो स्पीकरवर ठेवला होता, तसाच घेतला गेला. केयूरचा आवाज खोलीभर झाला. मागे गाणी, हसणं, बसचं इंजिन. दादा, कुठे आहेस, सगळे आले.

“सगळे म्हणजे किती?” प्रज्वलने विचारलं.

“सगळेच रे. एक्केचाळीस.”

“मोजलेस? की नावं विचारलीस?”

“अरे नावं घेतली ना, सगळ्यांनी हो म्हटलं. सलोनी तेवढी मागून येतेय. म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी आलेच.”

प्रज्वलने फोन बंद केला. तो बंद झाल्यावरही त्याच्याकडेच बघत राहिला. एका हाताने त्याने सॅक उचलली, मग खाली ठेवली, मग परत उचलली. पाच वर्षांत त्याने एकही ट्रेक रद्द केला नव्हता, आणि ते तो प्रत्येक बसमध्ये माइकवर सांगायचा.

“रद्द करू?” तो म्हणाला. “आई? का नेऊ आणि घळीच्या अलीकडूनच परत फिरवू? ऐकतील का ते? ती सलोनी ऐकेल का? तू सांग, तसं करतो.”

सुमनताई उठल्या. देवघरापाशी गेल्या. खड्यावरचं सकाळचं कुंकू त्यांनी पदराने पुसलं, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि खडा पदराच्या टोकाला घालून गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली. कँटीनची निळी टोपी अजून केसांना पिनेने लावलेली होती, ती काढून वर्षालीच्या हातात दिली.

“अहो आई,” वर्षाली म्हणाली, “तो देव…”

दारात चपला होत्या. त्यांनी आपल्या दोन शोधल्या, पायात सरकवल्या.

“आई, कुठे चाललीस? गुडघ्यांचं काय? उद्या ड्यूटी आहे तुझी.” प्रज्वल त्यांच्या मागे जिन्यापर्यंत आला. “मी काय करू, ते तर सांग.”

त्या कठड्याला धरून उतरायला लागल्या, एकेक पायरी, बोट खाली-वर करत. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्या दिसेनाशा झाल्या, तरी चपलांचा आवाज येत राहिला, आणि मग तोही खालच्या फाटकाशी थांबला नाही, बस उभी होती त्या मैदानाच्या दिशेने गेला.